बिलासपूर बरं

नळाचं पाणी भरून झालं की भिलाईच्या सेक्टर 10 मधली आमची लाइन बोलायला लागते. काकूंच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये मेंदीचं कुंपण आहे, कापलेलं कमी आणि वाढलेलं जास्त. एका जागी ते कमरेइतकं खचलंय. बकरीनं खाल्लं असं काकू म्हणतात. माझ्या मते ते काकूंच्या कोपरांनी खचलंय.

परवा मी दोरीवर धुणं टाकत होते, काकू खाटेवर सांडगे घालत होत्या.

"एवढं मोठं बनियन कोणाचं गं? दोघं मावतील त्यात."

"पोरीचं. बास्केटबॉलचं."

"अजून खेळून राहिली ती? दहावी आली नं बाप्पा."

म्हटलं, दहावीचं सोडा, आधी खेळणार आणि मग कोच होणार असं कालच जाहीर झालंय आमच्या घरी. काकूंचा हात सांडग्यावरच थांबला.

"कोच म्हणजे पी.टी.चा मास्तर?"

एवढ्यात व्हरांड्यातून पेपर खाली आला. पेपरामागे काका होते. काका रेल मिलमधून रिटायर झाले, पण कान अजून ड्युटीवर असतात. "मास्तर काय म्हणतेस? 2011 मध्ये भारताच्या टीमला जो कोच आणला होता, तो लेब्रॉन जेम्सच्या टीमचा असिस्टंट कोच होता. केनी नॅट."

"कुठला?"

"लुइझियानाचा. मोठा भाऊ कॅल्विन अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये ऑल-स्टार खेळलेला, हा धाकटा. 1980 मध्ये इंडियानाच्या टीमनं याला दुसऱ्या फेरीत घेतलं. मग युटा, मग कॅन्सस सिटी. मधल्या काळात बारक्या लीगमध्ये."

काकू बोटं मोजायला लागल्या. काकूंनी आजवर किमान पंधरा लग्नं जमवलीत. माणूस कोणताही असो, त्या त्याला स्थळ म्हणूनच बघतात. "पाच वर्षांत तीन नोकऱ्या! असं स्थळ आलं असतं तर पत्रिका उघडली नसती मी."

"अगं, तिकडे दहा-दहा दिवसांचेही करार असतात. आवडला तर ठेवतात, नाही तर बॅग उचला."

"म्हणजे ठेका मजूरच की! गेट पास संपला की घरी."

भिलाईत राहून हा हिशोब कोणालाही समजतो. इथे परमनंट आणि ठेका हे दोन शब्द मुलं बाराखडीच्या आधी शिकतात. काका हसले, पण माणसाची बाजू काही सोडली नाही. खेळणं संपल्यावर त्याचं नशीब बदललं म्हणाले. 1995 पासून 2004 पर्यंत तो युटामध्ये मुख्य कोच जेरी स्लोनच्या हाताखाली असिस्टंट राहिला. 1997 आणि 1998, दोन्ही वर्षी युटा फायनलला गेली आणि दोन्ही वेळा मायकल जॉर्डनच्या शिकागोनं मारली. मग क्लीव्हलँड, तिथे कोवळा लेब्रॉन. मग सॅक्रामेंटो.

"नऊ वर्षं एका जागी? हे बरं केलं," काकू म्हणाल्या. पत्रिका उघडण्यापर्यंत मामला आला होता. पण काकांनी सॅक्रामेंटोचं पुढचं सांगितलं आणि घोटाळा झाला. डिसेंबर 2008 मध्ये मुख्य कोचला काढलं आणि अर्ध्या हंगामात खुर्ची याला मिळाली. 58 मॅचेस. त्यातल्या 11 जिंकल्या, 47 हरल्या.

"सत्तेचाळीस! आणि त्याला आपल्या लोकांनी बोलावलं?"

"बसलेली गाडी हातात दिली होती त्याला. आधीचाही चोवीसपैकी सहाच जिंकला होता."

इथे मीही काकांच्या बाजूनं पडले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पन्नास माणसांचा स्वयंपाक अंगावर पडलेली सून मी आहे. अर्धी शिजलेली डाळ दुसऱ्याच्या हातातून घेणं काय असतं, ते मला विचारा.

नॅटसोबत आपल्या मुलींच्या टीमला टमिका रेमंड आली होती, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये मिनेसोटाकडून खेळलेली. नॅटनं आपल्या पोरांना चीनमध्ये वुहानला आशियाई स्पर्धेला नेलं, भारत चौदावा आला आणि पुढच्या वर्षी माणूस परत गेलाही. मग स्कॉट फ्लेमिंग आला. 2014 मध्ये त्याच वुहानला भारतानं चीनला 65-58 हरवलं. चीनला, त्यांच्याच घरात! काकांनी हा स्कोअर इतक्या जोरात सांगितला की कुंपणावरची चिमणी उडाली.

काकू मात्र गप्प होत्या. त्या गप्प झाल्या की समजायचं, वरण उतू जाणार.

"फिरस्त्यांचं ऐकलं. आता न फिरणाऱ्याचं सांगू का? आपल्या पटेल सरांचं काय?"

राजेश पटेल. भिलाईत हे नाव सांगितलं की पत्ता सांगावा लागत नाही. नोकरी भिलाई स्टील प्लांटची, पण सगळा जीव सेक्टर 1 च्या पंत स्टेडियमवर. आधी मध्य प्रदेश होता, 2000 मध्ये छत्तीसगड झालं. राज्य नवीन, पण मुलींची टीम अशी की मोठमोठ्या राज्यांना घाम फुटावा. अंजू लाक्रा, सीमा सिंग, एम. पुष्पा, भारती नेताम, सगळ्या त्यांच्या हाताखालच्या. कानपूरकडची पूनम चतुर्वेदी आली, सात फुटांना जेमतेम कमी. सिव्हिक सेंटरला ती दिसली की लोक पाणीपुरीची प्लेट हातात धरून उभे राहायचे. सर शिकवायचे खेळ, पण पोरींचं जेवण, शाळा, नोकरी, घरच्यांची समजूत, हेही त्यांच्याच गळ्यात.

"त्यांना कोणी विमानानं आणलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "आणि कोणी जास्तीचे पैसेही दिले नसतील."

"त्यांच्याच हाताखालची कविता अकुला अमेरिकेत गेली," मी म्हटलं. "ॲरिझोनाच्या ग्रँड कॅनियन विद्यापीठात, स्कॉलरशिपवर, बास्केटबॉल खेळायला."

"बघा! सर इथेच, पोरगी अमेरिकेत."

काकांना आता राहवेना. "आणि बाकीच्या रेल्वेत. आयुष्यभर आम्ही रेल्वेसाठी रूळ बनवले, आणि पंत स्टेडियमनं रेल्वेला पोरी दिल्या. भिलाईचा माल सगळा रेल्वेलाच जातो."

हा विनोद काकांनी आधीही केलेला आहे. पण खोटा नाही तो. आपल्याकडे मुलींसाठी व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे शेवटी स्पोर्ट्स कोट्याची नोकरी. केरळची गीतू ॲना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूडकडून खेळून आली, 2011 मध्ये अमेरिकेतल्या तीन क्लबांच्या ट्रायलला जाऊन आली, पण तिचीही पगाराची जागा रेल्वेच. भारताची कॅप्टन झालेली शिरीन लिमये, तीही रेल्वेचीच.

"लिमये? म्हणजे आपली?"

"पुण्याची."

"मग पुण्याची म्हण नं."

काकू वर्ध्याच्या. पुणं त्यांना अमेरिकेहून लांब वाटतं.

पटेल सर 2018 मध्ये गेले. त्या बातमीनं पंत स्टेडियमवर काय झालं असेल ते काकूंनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. काकूंची स्वतःची मुलगी दोन वर्षं जायची तिथे. मग एका मोठ्या घरचं स्थळ आलं, मुलाकडचे म्हणाले पाय दिसतात, आणि बूट माळ्यावर गेले. हे मला काकांकडून कळलेलं, काकू गावाला गेल्या होत्या तेव्हा. काकूंनी जमवलेल्या पंधरा लग्नांतलं ते पहिलं.

सांडगे संपले. काकूंनी हात पदराला पुसला आणि दोरीवरच्या जर्सीचा काठ चिमटीत धरून पाहिला, साडीचा पोत पाहतात तसा.

"उंची किती झाली गं तिची?"

"पाच फूट आठ इंच. अजून वाढतेय."

"खेळू दे मग. दहावीही होऊन जाईल. कोण येतं कोच म्हणून, तो अमेरिकेचा की राजनांदगावचा, ते बघू नको. संध्याकाळी सहाला मैदानावर रोज हजर असतो का, तेवढं बघ." आणि मग, स्थळ पक्कं करताना वापरतात त्या आवाजात, "आणि नोकरी रेल्वेतच बघायची. पुणं नको, अमेरिका तर नकोच. बिलासपूर बरं. तीन तासांत घरी येते पोरगी."