लांब पायांच्या कोंबड्या

बँकेत असताना मी इतरांच्या कुक्कुटपालनाची इतकी कर्जं मंजूर केली, की कोंबडी या विषयातला आपण अधिकारी माणूस आहोत असं मला वाटू लागलं होतं. निवृत्तीनंतर वाईजवळच्या एका गावात घर बांधलं, परसात कोंबड्या आणल्या. शेजारच्या आक्कांच्या गावठी कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरत आणि तिन्हीसांजेला डालग्याखाली जात. मला त्यांची कीव येई. कोंबड्यांची आणि आक्कांचीही.

मी वनराजा निवडली. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने मुद्दाम परसातल्या पालनासाठी तयार केली आहे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, वनराजा शंभरी ओलांडते. शिवाय पाय लांब असल्यामुळे ती शत्रूला चुकवून पळू शकते, असं माहितीपत्रकात लिहिलेलं. हे वाक्य मी आल्यागेल्याला वाचून दाखवत असे.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस दिली, पुढे गंबोरोची. एक्सेलमध्ये तक्ता केला. त्यात रोग, ऊन, घार, मुंगूस, सगळ्यांना रकाने होते. कुत्र्याला नव्हता, कारण कुत्रा ओळखीचा होता. गल्लीतला तांबडा. सकाळी फिरून येताना मी त्याला ग्लुकोजची बिस्किटं घालत असे, तेवढीच राखण होईल म्हणून. त्याने राखण मन लावून केली. कोंबड्या आत कधी जातात, आमच्याकडचा दिवा कधी मालवतो, सगळं त्याला पाठ झालं.

खुराडं मी स्वतः उभारलं. षटकोनी भोकांची तार दुकानात कोंबडीजाळी म्हणूनच मिळते. नावातच कोंबडी असल्यावर आणखी काय बघायचं? आक्का कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "सायेब, ही जाळी कोंबड्यास्नी आडवती, कुत्र्याला न्हाई. बुडाला दगडं लावा."

मी त्यांना वायुवीजनाचं महत्त्व समजावून सांगितलं.

कोंबड्या नुकत्या अंड्यावर आल्या होत्या. तांबड्याने रात्री जाळीखालची माती उकरली आणि आत शिरला. कोंबडीला अंधारात दिसत नाही. पाय लांब होते, पुस्तकात दिल्याप्रमाणे अगदी. पण पळायचं कुठे? चारी बाजूंना मीच ताणून बांधलेली तार. कोंबड्या फडफडल्या की कुत्र्याला चेव येतो, भूक असो वा नसो. त्याने एकही खाल्ली नाही. का कोण जाणे, मला त्यातच जास्त अपमान वाटला. मी बॅटरी घेऊन पोचलो तर तो खुराड्याबाहेर बसून शेपूट हलवत होता. बिस्किटाची वेळ झाली असं त्याला वाटलं असावं.

वाचला फक्त कोंबडा, साहेबराव. तो पहिल्यापासून खुराड्यात यायला तयार नसे, शेवग्यावर झोपे. माझ्या तक्त्यात त्याच्या नावापुढे 'शिस्त नाही' असा शेरा आहे.

सकाळी नुकसानभरपाईसाठी कुत्र्याचा मालक शोधायला निघालो. आदल्या दिवसापर्यंत तांबडा आख्ख्या आळीचा होता, आता तो कुणाचाच नव्हता. एक म्हातारे तर म्हणाले, "बिस्किटं कोन घालतंय त्याला?" मी विषय बदलला. पंचायतीत कळलं, की 2023 च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलला तिथेच आणून सोडायचा. बायको म्हणाली, "म्हणजे सरकारी खर्चाने तब्येत तपासून पुन्हा आपल्याच दारात."

तुमच्यापैकी कुणी कोंबड्या पाळणार असाल तर कोंबडीजाळी घेऊ नका. जाड तारेची वेल्डमेश घ्या, फूटभर जमिनीत गाडा, बुडाला दगड रचा. आम्ही हल्ली अंडी आक्कांकडून घेतो. पंधरा रुपयाला एक, आणि बँकवाल्याला उधारी नाही.