पोर्टेबल काका

भूगावपासून ताम्हिणीपर्यंत मुळशीत ‘वीकेंड होम’ बांधलेल्या मंडळींचे प्रकार ठरलेले आहेत. काही जण दर शनिवारी येऊन कलमांची उंची मोजतात, काही रस्त्यावरून ग्रामपंचायतीशी भांडतात. हल्ली तिसरा प्रकार निघालाय, आपत्तीची वाट बघणाऱ्यांचा. त्यांना मी पोर्टेबल काका म्हणतो.

काका निवृत्त इंजिनिअर. हॅम, म्हणजे हौशी रेडिओची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास. ही परीक्षा १२ वर्षांचं पोरही देऊ शकतं आणि तिला मोर्स कोड लागत नाही, पण हा विषय काकांसमोर काढायचा नसतो. व्हीयू३ने सुरू होणारा त्यांचा कॉलसाइन मोटारीच्या काचेवर आहे, फाटकावर आहे, मुलीच्या लग्नपत्रिकेतही होता. पिरंगुटला मिसळ मागवतानासुद्धा, “दोन तिखट, एक मध्यम, ओव्हर!”

हा नाद कशासाठी, असं विचारलंत की काका किल्लारीपासून सुरू करतात. १९९३च्या त्या भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद हौसेने रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, त्यांच्यामुळे अंदमानची खबर बाहेर पडत राहिली. ऐकताना आपणही भारावतो. काकांनी मात्र यातून एकच बोध घेतला, तो म्हणजे बॅग पाहिजे.

बॅगेतल्या सामानाची पहिली यादी चिटोऱ्यावर मावली होती. पाच वॉटचा चिनी हँडसेट, जादा बॅटरी, बरीशी अँटेना, वही आणि पेन्सिल (पावसात बॉलपेन रुसतं). नवशिक्याला एवढं पुष्कळ झालं. पण पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत काकांच्या चकरा सुरू झाल्या आणि यूपीएसची बारा व्होल्टची जडशीळ बॅटरी आली. ती चार्ज करायला सोलर पॅनेल आलं. मुळशीत, जुलैसाठी! तिथे सूर्य दिसेपर्यंत आपत्तीचे पंचनामेही उरकलेले असतात. मग पक्कड आली, ती हरवली तर दुसरी पक्कड आली. आता बॅग उचलायला दोन माणसं लागतात.

पहिल्या चाचणीत डोंगरांनी हात दाखवला. हँडसेटची व्हीएचएफ लहर नाकासमोर जाणारी, डोंगर आडवा आला की खुंटते. काका ओट्यावरून तासभर पुकारत होते. ओ दिली ती राखणदाराच्या कुत्र्याने. मग एका जाणत्याने ४० मीटर बँडची युक्ती सांगितली. वीसेक मीटर तार दोन झाडांना मुद्दाम बुटकी बांधायची. लहर उभी आभाळात चढते आणि आयनोस्फिअरवरून परतून आसपासच्या शेकडो किलोमीटरांत उतरते. डोंगराचा प्रश्नच नाही. यासाठी वेगळा एचएफ सेट घ्यावा लागेल हे ऐकून तर काकांचा चेहरा उजळला. जांभळापासून आंब्यापर्यंत तार ताणली गेली आणि दुपारपर्यंत राखणदाराच्या बायकोने तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या. “दोरी लई झ्याक बांधली, काका.”

अखेर जुलैत तो दिवस उगवला. वीज गेली, मोबाइलचा टॉवर गेला, घाटात दरड आली. अशा वेळी आनंद दाखवणं बरं नव्हे म्हणून काकांनी चेहरा पाडला होता, पण पाय ठरत नव्हते. सेट लावला. खरखरीतून बेळगावचा एक आवाज स्वच्छ आला, “मुळशीला पाऊस फार आहे म्हणे. काही निरोप द्यायचाय का? ओव्हर.”

काकांनी तारेची लांबी सांगितली, उंची सांगितली, कोॲक्स केबल कुठली ते सांगितलं, बॅटरीचे व्होल्ट दशांशापर्यंत सांगितले.

“ते कळलं हो. माणसं ठीक आहेत ना तिकडची?”

काकांनी वळून राखणदाराकडे पाहिलं. तो तंबाखू मळत होता. “समदी बरी हायेत. पोरगं मघाशीच गाडीवर जाऊन आलं. जेसीबी लागलाय, एक बाजू सुटली.”

काकांनी बटण दाबलं. “तातडीचं काही नाही. माझा सिग्नल कसा येतोय तेवढं सांगा. ओव्हर.”