नाताळचे दिवाळे

डहाणूजवळच्या आमच्या गावाचे नाव आगर, आणि मराठीत आगर म्हणजे, मग ते मिठाचे असो, नारळीपोफळींचे असो वा सद्गुणांचे, जेथे एखादी वस्तू विपुल साठते ते ठिकाण, ही गोष्ट आमच्या कुटुंबाने आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ‘यंदाचा नाताळ साधेपणाने साजरा करावा’ असा ठराव संमत करण्यापूर्वी ध्यानी घेतली असती, तर पुढील बराच अनर्थ टळला असता. ठराव मांडला आमच्या कन्येने. मुंबईस नोकरीनिमित्त राहून ती अपरिग्रहाच्या तत्त्वज्ञानात पारंगत झाली असून त्या विषयावरील ग्रंथांसाठी तिने नुकतेच एक स्वतंत्र कपाट घेतले आहे. अनुमोदन सौभाग्यवतींचे, कारण ज्या घरात करंज्या दोन हातांनी वळल्या जातात आणि शंभर हातांनी खाल्ल्या जातात, तेथे साधेपणाची ओढ प्रथम कोणास लागावी हे सांगणे नलगे. अध्यक्षस्थानी आम्ही होतो, म्हणजे आम्हांस मत नव्हते. मातोश्री सभेस हजर राहून सुपातले तांदूळ निवडीत होत्या. त्यांचे मौन संमती समजून तशी नोंद दप्तरी झाली.

नाताळास शिस्त लावण्याची हौस काही आमचीच नव्हे. इंग्लंडच्या पार्लमेंटाने १६४७ साली फर्मान काढून हा सणच रद्द केला, तेव्हा कँटरबरीच्या रयतेने नाताळच्या दिवशीच दंगा करून आपला अभिप्राय सरकारास कळविला. आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या धर्मनिष्ठ कारभाऱ्यांनी १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता. आमच्या ठरावात दंडाची तरतूद नव्हती, एवढाच काय तो आमचा उदारमतवाद. शिवाय आम्ही मूळचे वसईचे. ज्या फिरंग्यांनी ‘नाताळ’ हा शब्द आमच्या तोंडी घातला, त्यांना गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन सणाच्या तोंडावर, अख्खी वसई तहात बहाल केली. तेव्हा ज्या परंपरेत नाताळची भेट म्हणून प्रांतच्या प्रांत मिळत, तिला एका रविवारच्या बैठकीत वठणीवर आणू पाहणे हे धाडसच म्हणावे लागेल. पुढे १७३९ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत डहाणूही गेले आणि वसईही गेली, फिरंग्यांचा अंमल उठला. करंज्यांचा मात्र उठला नाही.

ठरावाचे पहिले कलम झाडाविषयी होते. प्लॅस्टिकचे जुने झाड, जे गेली बारा वर्षे माळ्यावरून उतरून निमूटपणे चाकरी बजावीत होते, ते निसर्गविरोधी ठरून बडतर्फ झाले. त्याच्या जागी सुरूची फांदी आणावी असे ठरले. परंतु केंद्र सरकारने १९९१ सालीच आमचा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केलेला असल्यामुळे, ज्या तालुक्यात पुढे ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राचे धुराडे सुखाने उभे राहिले, त्याच तालुक्यात किनाऱ्यावरील सुरूस कोयता लावताना आमचा हात कापू लागला. अखेर कुंडीतले रोप विकत आणले. त्यास कुंडी, कुंडीस बशी, बशीस चौरंग आणि हे सारे घरी आणावयास टेंपो लागला.

दुसरे कलम सजावटीचे. ती स्थानिक आणि हातची असावी, म्हणून कन्येने मुंबईच्या एका दुकानातून वारली चित्रांच्या चांदण्या मागविल्या. ज्या तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याच तालुक्यात वारली चित्रे मुंबईहून कुरिअरने, खोक्यात खोके आणि त्यात भुसा अशा इतमामाने दाखल झाली. तलासरीकडून आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंनी त्यांतली एक चांदणी हाती घेऊन उलटसुलट पाहिली. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढावयाचा लग्नचौक त्यांनी तत्काळ ओळखला, आणि या घरात लग्न कोणाचे निघाले, एवढेच त्यांनी विचारले. किंमत ऐकल्यावर तेही विचारले नाही.

तिसऱ्या कलमान्वये गोड पदार्थ एकच करावयाचा होता. तो करंजी असावा असे सौभाग्यवतींचे, कुलकुल असावा असे वसईच्या आत्याबाईंचे, आणि पेरूच्या वडीवाचून नाताळ म्हणजे केवळ डिसेंबर महिना, असे धाकट्या मावशींचे म्हणणे पडले. कोणाचाही हक्क डावलला जाऊ नये म्हणून प्रत्येक पक्षाचा एकच पदार्थ घ्यावा अशी तडजोड निघाली आणि एकाचे सात झाले. चौथे कलम असे की, निमंत्रण केवळ निकटच्या आप्तांस द्यावे. न बोलावल्यास जो रुसेल तो निकटचा, ही व्याख्या एकमताने मान्य झाल्यावर यादी त्रेचाळीसवर जाऊन थांबली.

राहिली गव्हाण. असीसीच्या संत फ्रान्सिसांनी १२२३ साली ग्रेचो गावी गवताने भरलेली खरी गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव एवढ्यावर येशूजन्माचा देखावा उभा केला होता. साधेपणाचा याहून थोर दाखला कोठला? बैल शेजारून मिळण्याजोगा होता. गाढवाचा प्रश्न निघाला तेव्हा सभेची दृष्टी अध्यक्षांकडे वळली आणि बैठक तहकूब करावी लागली.

तेवीस तारखेच्या रात्री जमाखर्चाची रुजवात केली, तेव्हा साधेपणाचा खर्च गतसालच्या थाटमाटाच्या सव्वापट भरला. सगळे चिडीचूप बसले असता मातोश्रींनी प्रथमच सूप खाली ठेवले.

“दिवाळीला फराळाची ताटं किती आली होती?”

“नऊ,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“आणि ईदेच्या शीरखुर्म्याचा डबा?”

“तोही फडताळातच आहे, आई.”

“मग ती भांडी रिकामी परत पाठवायची, असं तुमच्या ठरावात कुठं लिहिलंय, तेवढं वाचून दाखव बाबा.”

आम्ही ठराव वरून खाली आणि खालून वर वाचला. झाडाचे, चांदण्यांचे, आप्तांचे, फार काय गाढवाचेही कलम होते, भांड्यांचे नव्हते. आमच्या लेखी नाताळ ही आमच्या घरची खासगी बाब होती, आणि इकडे वाडवळ शेजारणीच्या चकल्यांपासून बोर्डी रस्त्यावरच्या वाडीतील इराणी बाईंच्या चिरोट्यांपर्यंत साऱ्या गावचे येणे आमच्या फडताळात पितळेच्या आणि स्टीलच्या रूपाने उभे होते. धनकोस न विचारता ऋणकोने परस्पर संमत केलेल्या कर्जमाफीस सावकारी भाषेत जे नाव आहे, तेच आम्ही साधेपणा म्हणून काढावयास निघालो होतो: दिवाळे, आणि तेही दिवाळीच्या ताटांचे!

चोवीस तारखेस नऊ ताटे आणि एक डबा भरून गेला. मध्यरात्रीच्या मिस्सेला जाण्यापूर्वी कन्या तो ठराव फाडू लागली, तेव्हा मातोश्रींनी कागद चांगला जाड आहे असे पाहून तो मागून घेतला आणि शेवटच्या ताटात करंज्यांखाली तेल टिपावयास घातला.

नाताळच्या तिसऱ्या प्रहरी इराणी बाईंचे तेच ताट, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळविलेल्या घोलवडी चिकूंनी शीग लावून, पुन्हा आमच्या दारी हजर झाले. चिकूंच्या तळाशी आमचा ठराव होता. तुपातेलाने तो इतका पारदर्शक झाला होता की, त्यातून ताटाचा तळ स्वच्छ दिसत होता. सौभाग्यवती ताट रिकामे करून परत धाडावयास निघाल्या.

“राहू दे फडताळात,” मातोश्री म्हणाल्या, “ईस्टरला लागेल.”