लोटसचा सातबारा

"पुढं काळी पळतेय ती कोण?"

"लोटस, काका."

"आणि मागची हिरवी?"

"तीही लोटसच."

काकांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. जन्म तलाठ्याच्या नोकरीत गेलेल्या माणसाला एका नावाचे दोन दावेदार दिसले की खेळ दिसेनासा होतो, दप्तर दिसायला लागतं. 30 ऑक्टोबर 2011, रविवार दुपार. दिवाळी नुकतीच सरली होती, चिवड्याच्या डब्यात शेंगदाणे तेवढे उरले होते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत चालली होती आणि आमच्या दिवाणखान्यात चौकशी.

"मूळ खातेदार कोण?"

"कॉलिन चॅपमन. इंग्लंडचे."

"हयात?"

"1982 ला गेले."

"मग वारसनोंद काढ."

काढायला गेलो आणि फसलो. कारण चॅपमनसाहेबांनी हयातीतच एका वाड्यात दोन चुली मांडल्या होत्या. 1952 मध्ये त्यांनी गाड्या बांधायची कंपनी काढली. 1954 मध्ये शर्यतींसाठी 'टीम लोटस' वेगळी केली. नाव एक, कर्ता एक, कागद मात्र दोन. कर्ता असेपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललं. तो गेला आणि दोन कागद दोन दिशांना निघाले.

रस्त्यावरच्या गाड्यांची चूल 1986 मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे गेली, 1993 मध्ये बुगाटीवाल्या इटालियन आर्तिओलींकडे आणि 1996 मध्ये मलेशियाच्या प्रोटॉनकडे. शर्यतींची चूल 1994 च्या शेवटी विझली. राख विकत घेतली डेव्हिड हंट यांनी, विश्वविजेत्या जेम्स हंटच्या धाकट्या भावानं. गाडी नाही, इंजिन नाही, नुसतं नाव. ते त्यांनी पंधरा वर्षं सांभाळलं. शहराच्या हद्दीला लागलेल्या पडीक रानाचा मालक जसा गप्प बसून राहतो, तसं.

गिऱ्हाईक आलं 2010 मध्ये. टोनी फर्नांडिस, एअर एशिया विमान कंपनीचे मालक, मलेशियाचे. आडनावावरून ओळखलंच असेल, वडिलांकडून गोव्याचे. एअर एशिया त्यांनी एका रिंगिटला घेतली होती, अर्थात डोक्यावरच्या कर्जासकट. त्यांनी फॉर्म्युला वनमध्ये संघ उतरवला आणि प्रोटॉनच्या लोटसकडून नाव भाड्यानं घेतलं. 'लोटस रेसिंग'. हिरवी गाडी, पिवळा पट्टा, जुने लोक हळवे झाले. वर्षभरात गुण मिळाले शून्य, पण नावात गुण होतेच की.

सप्टेंबरमध्ये मालकानं भाडेपट्टा मोडला. फर्नांडिसनी त्याच महिन्यात हंटकडून 'टीम लोटस' विकत घेतल्याचं जाहीर केलं. कूळ घराबाहेर पडलं आणि शेजारचा प्लॉट त्याच नावानं घेऊन बसलं! मालकही कच्चा नव्हता. डिसेंबरमध्ये त्यानं रेनोच्या संघाशी सोयरीक केली आणि 2011 मध्ये 'लोटस रेनो जीपी' काळ्या-सोनेरी रंगात रिंगणात आली. म्हणजे एक लोटस दुसऱ्या लोटसशी भिडणार, दोन्ही लोटसमागे मलेशियाचा पैसा, आणि दोघींच्या पोटात इंजिन? रेनोचं. दोघींच्याही.

"थांब," काका म्हणाले. "रेकॉर्डला काय लागलंय?"

हा प्रश्न फक्त तलाठीच विचारू शकतो. फॉर्म्युला वनमध्ये बक्षिसाचा पैसा गाडी बांधणाऱ्याच्या नोंदलेल्या नावाशी बांधलेला असतो. ते नाव परवानगीवाचून बदललं तर पैशावर पाणी सोडावं लागतं. म्हणून त्या वर्षी अंगभर लोटस मिरवणारी काळी गाडी दफ्तरी 'रेनो' होती आणि लोटस हे नाव नोंदलेलं होतं हिरवीच्या खात्यावर. सातावर एकाचं नाव, बारावर दुसऱ्याचं पीक.

प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. 27 मे 2011 ला न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी निकाल दिला. फर्नांडिसनी 'टीम लोटस' म्हणून धावावं. कंपनीनं लोटस म्हणून, काळ्या-सोनेरी रंगात धावावं. पहिल्या भाडेपट्ट्याच्या अटी मोडल्याबद्दल फर्नांडिसच्या संघानं कंपनीला भरपाई द्यावी. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकल्याचं सांगितलं. मूळ कोण, खरा वारस कोण, नाव कुणाचं आणि निशाणी कुणाची, हे प्रश्न मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. शिवाय लोटसला मराठीत काय म्हणतात हेही आपण जाणता. मी त्यावर बोलत नाही. सदर पुढच्या आठवड्यातही चालायला हवं.

आता त्या काळ्या-सोनेरी रंगाची गोष्ट. भांडताना दोघांनाही तोच हवा होता. फर्नांडिसनीही आधी तोच जाहीर केला होता, मग ते हिरव्यावर परतले. का, तर तो 'वारसा'. वारसा म्हणजे काय, तर सिगारेटचं पाकीट. जॉन प्लेयर स्पेशल. ब्रिटिश गाड्या हिरव्या असायच्या त्या काळात चॅपमननी 1968 मध्ये आपली गाडी गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात बुडवली. 1972 मध्ये काळं-सोनेरी पाकीट आलं आणि संघाचं नावच झालं 'जॉन प्लेयर टीम लोटस'. चॅपमन गेल्यावर 1987 मध्ये कॅमल सिगारेट आली, गाडी पिवळीधमक. ज्या नावासाठी पुढं वकील झुंजले, त्या नावाच्या आधी सिगारेटचं नाव लावायला खुद्द नाव ठेवणाऱ्यालाच काही वाटलं नव्हतं. फर्नांडिस आणि प्रोटॉनवर पावित्र्यभंगाचे आरोप करणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

नावाला किंमत नव्हती असं नाही हं. 79 विजय, बांधणीची 7 विजेतेपदं, चालकांची 6. जिम क्लार्क लोटस चालवतानाच हॉकेनहाइमला गेला, 1968 मध्ये. योकेन रिंट 1970 मध्ये मोन्झाला गेला, तोही लोटसमध्येच, आणि त्या वर्षीचा विश्वविजेता तो मेल्यानंतर ठरला. चॅपमनच्या गाड्या हलक्या असत. किती हलक्या, हे चालकांना ठाऊक होतं. जाहिरातवाले ज्याला परंपरा म्हणतात त्यात हेही येतं. पण ते टी-शर्टवर छापत नाहीत.

त्या रविवारी काळ्या गाडीत ब्रुनो सेना होता. काका आयर्टन सेनाला ओळखत होते, म्हणजे पेपरात वाचलेलं. मामानं 1985 आणि 1986 मध्ये काळी-सोनेरी लोटस चालवली, 25 वर्षांनी भाचा त्याच रंगात. काकांचे डोळे पाणावले. मी म्हणालो, काका, ती रेनो आहे. ते म्हणाले, तू गप्प बस.

"आपला पोरगा कुठाय? तो चांडोक?"

करुण चांडोक हिरव्या संघाचा राखीव चालक. जुलैत जर्मनीत त्याला एक शर्यत मिळाली होती. भारतात शुक्रवारच्या सरावात त्याला गाडी दिली, रविवारी त्यात यार्नो ट्रुली बसला. घरच्या कार्यात पोराला वाढपी केलं, असं काका म्हणाले.

चार दिवसांनी फेरफार मंजूर झाला. फॉर्म्युला वन कमिशननं दोन्ही नावबदलांना हिरवा कंदील दाखवला: काळी आता अधिकृत लोटस, हिरवी झाली कॅटरहॅम. ही कॅटरहॅम कोण? फर्नांडिसनी त्याच वर्षी विकत घेतलेली छोटी ब्रिटिश कंपनी. ती काय बनवते? 'सेव्हन' नावाची उघडी, दोन माणसांची गाडी, जिचे हक्क तिनं 1973 मध्ये घेतले होते. कुणाकडून? लोटसकडून. चॅपमनचीच गाडी. नावावर पाणी सोडून फर्नांडिस चॅपमनच्या जुन्या गाडीपाशी जाऊन बसले होते! आख्ख्या प्रकरणातला हा एकच सौदा मला पटतो, कारण त्यात निदान एक गाडी होती.

तिकडं लोटस नाव मिळालेल्यांची तऱ्हा. 2012 मध्ये प्रोटॉनच विकली गेली, लोटसचे साहेब बाहेर गेले, प्रायोजकत्व संपलं. संघ मात्र लोटस म्हणूनच धावत राहिला. मालकी गुंतवणूकदारांची, लोटसचा पैसा नाही, लोटसचा बोल्ट नाही, पाटी लोटसची. आणि नेमकी हीच लोटस जिंकली. किमी रायकोननं 2012 ची अबू धाबी घेतली, 2013 ची ऑस्ट्रेलिया घेतली. सेनानं 1987 मध्ये डेट्रॉइट जिंकल्यानंतर लोटस नावाला लागलेले हे पहिले विजय. त्याच 2013 मध्ये रायकोननं जाहीरपणे सांगितलं की वर्षभरात त्याला एक युरो मिळालेला नाही. 2015 मध्ये जपानला थकलेल्या बिलापायी संघाच्याच लोकांना त्यांच्या जेवणाच्या दालनाबाहेर राहावं लागलं. वर्ष संपता संपता रेनोनं हा संघ परत घेतला, एका पौंडाला. कॅटरहॅम त्याआधीच, 2014 मध्ये, चाहत्यांकडून वर्गणी गोळा करून शेवटची शर्यत धावली होती.

हे एकट्या लोटसचं दुखणं नाही. 2020 पर्यंत ॲस्टन मार्टिनचं नाव रेड बुलच्या गाडीवर होतं. 2021 मध्ये ते सिल्व्हरस्टोनच्या एका कारखान्यावर गेलं. तो कारखाना आधी जॉर्डन, मग मिडलँड, मग स्पायकर, मग आपल्या विजय मल्ल्यांची फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट. ॲस्टन मार्टिननं स्वतः फॉर्म्युला वन गाडी उतरवली होती ती 1959 आणि 1960 मध्ये. गुण मिळाले शून्य. परंपरा सांगायला तेवढं पुरतं.

काका आता नाहीत. असते तर त्यांनी एकच गट नंबर विचारला असता: एन्स्टन, ऑक्सफर्डशायर. काळ्या लोटसचा कारखाना तो. शूमाकर 1994 आणि 1995 मध्ये जिंकला तेव्हा इथं बेनेटनची पाटी होती. अलोन्सो 2005 आणि 2006 मध्ये जिंकला तेव्हा रेनोची. मग लोटस, मग पुन्हा रेनो. 2021 पासून अल्पीन: रेनोनं आपल्या गोठ्यातलं आणखी एक जुनं स्पोर्ट्स कारचं नाव झटकून काढलं, 1955 मध्ये फ्रान्सच्या दिएपमध्ये सुरू झालेलं. गाडी इंग्लंडमध्ये बांधतात. रेनोनं फॉर्म्युला वनचं इंजिन करणं 2025 अखेर थांबवलं. 2026 पासून या फ्रेंच परंपरेच्या पोटात जर्मन मर्सिडीजचं इंजिन आहे.