कोणाचं वय किती

दरवर्षी १ जूनला एसटीचा वाढदिवस असतो. आगारात गाड्या धुऊन निघतात, टपांना तोरणं चढतात, कुठे कुठे प्रवाशांच्या हातावर पेढाही पडतो. पेढ्याला नाही म्हणू नये. पण केळापूर तालुक्यानं हा दिवस साजरा करणं म्हणजे नव्या सुनेनं सासरचा कुळाचार पाळण्यापैकी आहे.

१ जून १९४८ ला पहिली एसटी धावली ती पुण्याहून अहमदनगरला. आम्ही तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडातले, राजधानी नागपूर. मुंबईशी देणं ना घेणं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात नांदायला गेला आणि इकडची सरकारी मोटारसेवाही तिकडच्या पदरात पडली. बरं, थोरपणच काढायचं तर मान पैनगंगेपलीकडचा. निजामानं १९३२ मध्येच २७ गाड्यांवर सरकारी बस सुरू केली होती. तिची लेकरंबाळं आदिलाबादहून आजही पांढरकवड्याच्या स्टँडवर येतात. त्यांच्या नंबरातलं 'झेड' हे निजामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या नावातलं, असं सांगतात. आमच्या लालपरीच्या पाटीवर कोणाची आई नाही. एमएच-४० दिसलं की गाडी नागपूरच्या कार्यशाळेत बांधलेली, एवढंच समजायचं.

(तालुका केळापूर, तहसील कचेरी आणि आगार मात्र पांढरकवड्याला. केळापुरात जगदंबा आहे; तिला बदलीची भीती नाही.)

२०२३ मध्ये एसटीला पंचाहत्तर वर्षं झाली. तिच्याच नियमानं पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट. म्हणजे आता तिनंही फुकटच धावायला हवं. तोट्याचे आकडे पाहिले तर बिचारी बरीच वर्षं तेच करते आहे.

कंडक्टरच्या काखेतली तिकिटांची पत्र्याची पेटी गेली, चिमट्याची टकटक गेली, हातात यंत्र आलं. हिशेब मात्र वाढला. पासष्टीपुढे अर्धं, पंचाहत्तरीपुढे काहीच नाही, आणि मार्च २०२३ पासून बायांना सरसकट अर्धं. पाटणबोरीच्या गाडीत एक आजोबा बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढत होते.

"पंचाहत्तर भरले न जी मले," ते ऐटीत म्हणाले.

"परवा सोयऱ्याइले त सत्तर सांगे!" शेजारून आजी.

"ते सोयरे होते. हे एसटी होय."

कंडक्टरनं आधार उलटसुलट पाहिलं, शून्याचं तिकीट काढलं आणि आजींकडे वळला. त्यांनी पदराच्या गाठीतून मोजून अर्धे पैसे दिले आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचं वय त्यानं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.