सात मार्कांचे सर

वडीगोद्रीच्या पट्ट्यात, धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या कोणत्याही शाळेत शिरा, ड्रॉइंगचे सर ओळखायला वेळ लागत नाही. बाहीवर पोस्टर कलरचा डाग, खिशाला टोक केलेली पेन्सिल आणि हातात बहुधा दुसऱ्याच कुणाचं तरी काम. गणिताचे सर रजेवर गेले, तास यांना. स्नेहसंमेलनाचा फलक, पाहुण्यांसाठी रांगोळी, प्रमाणपत्रांवरची नावं, सगळं यांच्याच गळ्यात. कारण ड्रॉइंगचा माणूस 'तसा मोकळाच असतो'.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा जवळ आल्या, की हा मोकळा माणूस शिपायाच्याही आधी येऊन वर्ग उघडतो. टेबलावर बादली, तिच्यावर पंचा, शेजारी दोन वांगी आणि अंबडकडच्या बागेतली मोसंबी. "उजेड कुठून येतोय ते आधी बघा, मग पेन्सिल टेकवा." तास अर्ध्यावर येईतो मोसंबी गायब! सर शांतपणे म्हणतात, "वस्तुचित्र संपलं. आता मोसंबी स्मरणचित्रात काढा."

त्यांचं वैर एकाशीच: दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य आणि बाजूचं नारळाचं झाड. "नारळ कुठं पाहिलास रे तू? कालव्यावरची बाभळ काढ. उसाची ट्रॉली काढ. रोज रस्ता अडवती, तरी दिसत नाही तुला?" नववीतल्या एकीनं खरंच ट्रॉली काढली, मागे लटकलेल्या उसाला बांधलेल्या लाल चिंधीसकट. सरांनी ते चित्र स्टाफरूममध्ये लावलं आणि चहावाल्यापासून केंद्रप्रमुखांपर्यंत प्रत्येकाला ती चिंधी दाखवली. मग चित्र स्पर्धेला धाडलं. फी अर्थात सरांचीच.

पालकांपुढे मात्र सर रंगसंगतीचं नावही काढत नाहीत. "इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला सात मार्क वाढतात. बी ला पाच, सी ला तीन." बापाचे डोळे लकाकतात. "अन् धाकट्यालाबी बसवलं तर?"

पोरीनं पुढे कलाच शिकायची म्हटलं, तेव्हा तोच बाप बिथरला. "सर, तुमचं-आमचं सात मार्कांचं ठरलं होतं. कॉलेजचं नव्हतं ठरलं." सर ओसरीवर ठाण मांडून बसले. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय सांगून झालं, कलाशिक्षकाचा पगार सांगून झाला. त्यावर बापानं सरांच्या चपलांकडे एकदा पाहिलं. शेवटी सर म्हणाले, "मुंबईचं जे. जे. १८५७ पासून चालू आहे. बुडायचं असतं तर एव्हाना बुडालं असतं." बापाला हे पटलं. प्रवेश परीक्षेचा अर्ज सरांनी तिथंच बसून भरला.

असे सर तुमच्याही गावात असतील. त्यांच्याकडे वाढदिवसाचा बॅनर लिहून मागू नका. जाताना आठ नंबरचे चार गोल ब्रश घेऊन जा; वर्गात चौघांत एक आहे.