बंबवाल्याची चाल

पाच सेकंदांचा सिनेमा आणि चौदा सेकंदांची श्रेयनामावली, हे प्रमाण मला तरी खटकलं नव्हतं. दिग्दर्शन, छायालेखन, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा अशा पाच पाट्या आणि पाचही पाट्यांवर माझंच नाव. "वेशभूषा म्हणजे नक्की काय केलंस?" असं ह्यांनी विचारलं. बंबवाल्याचं हेल्मेट हरवलं होतं, म्हणून मी त्याला एका राजकन्येचे केस बसवले होते. याला वेशभूषा नाही तर काय म्हणतात?

सिनेमा भगिनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सात जणींनी हात जोडले, दोघींनी फुलं पाठवली, आणि एकीने लिहिलं, "छान! वेळ बरा जातो ना यात?"

हा वेळेचा मुद्दा मी पुढे घेणार आहे. आधी बंबवाला.

तो निघाला माळ्यावरच्या खोक्यातून. लेक बंगळुरूला नोकरीला गेला आणि त्याचे लेगोचे ठोकळे मागे राहिले. टाकून द्यायला काढलेलं खोकं मी उघडलं, इतकंच निमित्त. ठोकळ्यातला माणूस केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा. असे पंधरा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. या नादातली जाणती मंडळी नवशिक्याला एकदम सिनेमा काढू देत नाहीत. गवयाला पलटे असतात तशा इथे कसरती असतात. पहिली, नुसता एक ठोकळा टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायचा, पण सुटताना हळू, मध्ये वेगात, थांबताना पुन्हा हळू. दुसरी, गोल तुकडा चेंडूसारखा टप्पे खाताना दाखवायचा. तिसरी, माणूस दहा पावलं चालवायचा. काही शूर लोक तर चोवीस तासांत आख्खा सिनेमा करून द्यायची पैज लावतात, आणि त्यात कोणती वस्तू दिसलीच पाहिजे हे घड्याळ सुरू होताना सांगतात, म्हणजे कोणी आधीच करून ठेवायला नको. माझं चोवीस तासांत एक पाऊल झालं. तेही डावं.

पहिल्या दोन कसरती मी गाळल्या. ठोकळा सरकवण्यात शिकायचं काय? तीस वर्षं विमा कचेरीत मी फायली सरकवल्या आहेत. थेट चालायलाच घेतलं. बंबवाला असा आला, जणू कोणीतरी मागून कॅरमच्या स्ट्रायकरसारखी टिचकी मारली. पाय हलत होते, पण त्यांचा त्या प्रवासाशी संबंध नव्हता.

बाकीच्या अडचणी किरकोळ होत्या, पण सांगते. फ्रीज सुरू झाला की दिवा किंचित मंदावतो. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, सिनेमात मात्र बंबवाल्याच्या डोक्यावर वीज कडाडते. मी पिवळा गाऊन घालून वाकले की त्याला कावीळ होते. काळा कपडा हवा, आणि माझ्याकडे काळं म्हणजे एकच, संक्रांतीची चंद्रकळा. ऐन मे महिन्यात, खिडक्या आणि पंखा बंद करून, चंद्रकळा नेसून मी दिग्दर्शन केलं. रस्ता टेबलावरून हलू नये म्हणून त्याच्या चारी कोपऱ्यांखाली कणीक लावली. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. त्या नुकत्याच कुठे दिसतात न दिसतात तोच नाहीशा होतात, पण त्या पाच सेकंदांत त्यांचाच अभिनय उजवा आहे, असं लेकाचं मत पडलं.

आणि इथे मला फाळक्यांविषयी बोललंच पाहिजे. मी फाळके काढले की घरातली माणसं खोलीतून उठतात, पण मी नाशिककर आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस नाशिकला सिनेमाची कंपनी थाटतो आणि नाशिकलाच डोळे मिटतो, म्हणजे तो आमच्या घरचाच. 1912 साली विलायतेहून कॅमेरा आणला तरी त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला, आणि त्याचा वेल होताना रोज थोडा थोडा टिपला. 'अंकुराची वाढ'. पैसेवाल्यांना दाखवायला नमुना. म्हणजे पलटेच की! पुढे 1915 साली त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचवल्या, 'आगकाड्यांची मौज'. आधी काड्या, मग शंभरेक वर्षांनी माझा बंबवाला. क्रम बरोबरच आहे.

विलायतेला जाण्यासाठी फाळक्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिशा गहाण टाकल्या होत्या. आमच्या कचेरीत पॉलिसीवर कर्ज मागणारे कारणाच्या रकान्यात मुलीचं लग्न लिहायचे, नाहीतर घराची डागडुजी. 'सिनेमा' लिहिलेला एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही. आला असता तर शेरा मारून मीच परत पाठवला असता, हेही खरं.

पण मला रात्री झोपताना प्रश्न पडतो तो वाटाण्याचा. त्या कुंडीला पाणी कोण घालत असेल? फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, फिल्म धुवायला शिकल्या, चित्रीकरणात उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, आणि वर साठ-सत्तर माणसांचं जेवण. दागिने गेले ते वेगळेच. इथे मी ह्यांना "जरा पडदा ओढा" म्हटलं तर "बातम्या संपू दे" असं उत्तर येतं. पाणी त्यांनीच घातलं असणार. पुरावा नाही, पण घर कसं चालतं हे मला माहीत आहे.

तर चाल. मराठीत चाल माणसाची असते, गाण्याची असते आणि बुद्धिबळातलीही असते. बंबवाल्याला तिन्हींपैकी एकही जमत नव्हती. दोष सगळा माझा नव्हता. लेगोचा हा हात-पाय हलवणारा माणूस 1978 साली डेन्मार्कात जन्मला. उंची चार सेंटिमीटर. मान, दोन खांदे, दोन मनगटं, दोन खुबे, झाले सात सांधे. कोपर नाही, कंबर नाही आणि मुख्य म्हणजे गुडघे नाहीत. पाय उचलायचा तर सबंध उचलायचा. त्यात रस्त्यावरच्या दोन उंचवट्यांत अंतर 8 मिलिमीटर, आणि अधेमधे तो उभा राहायला तयार नाही.

एका दुपारी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वय चौऱ्याऐंशी. मोबाइल डोळ्यांजवळ धरून त्यांनी पाच सेकंद पाहिले. मग पुन्हा पाहिले.

"पाय टाकतोय गं, पण जात नाहीये कुठे."

"त्याला गुडघे नाहीत, आई."

"मला तरी कुठे आहेत?" त्या म्हणाल्या. "आधी अंग जातं. मग पाय धावतो सावरायला. हे बघ."

आणि कपाटाला धरून त्या दारापासून पलंगापर्यंत चालल्या. उजवा पाय यायचा तर आधी सगळं शरीर डावीकडे कलायचं. मग न वाकलेला पाय खुब्यातून सुटून अर्धगोल फिरत पुढे यायचा. टेकायचा. क्षणभर थांबायचं. मग उलट्या बाजूला. मी वहीत मोजत होते, कलायला तीन फोटो, फिरायला चार, टेकायला एक. "आई, परत एकदा." त्या परत आल्या. "अजून एकदा." चौथ्या वेळी त्या पलंगावर बसल्या आणि पिंडऱ्या चोळायला लागल्या.

निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकपासून पंढरपूरपर्यंत या बाईंनी नऊ वाऱ्या पायी केल्या. "गुडघे तिकडेच ठेवून आले," असं त्या सांगतात. गेली दहा-बारा वर्षं मी त्यांची चप्पल फरशीवर घासताना ऐकते आणि स्वयंपाकघरातूनच "सावकाश हं" म्हणून ओरडते. वळून पाहिलेलं आठवत नाही. त्या दुपारी पाहिलं, कारण मला सिनेमा काढायचा होता.

आणि वेळ बरा जातो का? नाही हो, अजिबात जात नाही. निवृत्त बाईला हा प्रश्न विचारण्याची जी रीत आहे, तिचा मला मनापासून राग आहे, जणू आमच्याकडे वेळ म्हणजे शिळी पोळी, कशीतरी संपवायची. इथे माझा तास खर्ची पडतो तेव्हा कुठे एक सेकंद तयार होतो. त्या हिशोबाने मला वेळ पुरणार नाहीये, आणि सासूबाईंना तर त्याहून नाही.

दुसऱ्यांदा काढलेला सिनेमा सव्वापाच सेकंदांचा झाला. बंबवाला राजकन्येचे केस सांभाळत डावीकडे कलतो, पाय सोडवून आणतो, टेकतो, थांबतो. सासूबाईंनी पाहिलं आणि "हां, आता पोचेल," एवढंच म्हणाल्या. मी सहावी पाटी घातली: 'चाल : सासूबाई'. मंडळातल्या एकीने विचारलं, गाणं कुठलं आहे?

आता पुढची कसरत जिना. त्याचीही रीत सासूबाईंनी सांगितली आहे. आधी कठडा धरायचा, मग बरा पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर. बंबवाल्याचा बरा पाय कोणता हे ठरवण्यात एक संध्याकाळ गेली, उजवा ठरला. सध्या तो तिसऱ्या पायरीवर उभा आहे. आमच्याकडे यायचं असेल तर जरूर या, चहा होईल. फक्त पंखा लावू नका.